निकाल तहकूब ठेवणारा वाचक

गावच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हावयाचे असेल, तर एक छापील अर्ज, ठराविक अनामत रक्कम, महिन्याची वर्गणी आणि राहत्या पत्त्याचा दाखला एवढ्यावर काम भागते. अर्जदार वाचक म्हणून लायक आहे किंवा नाही याची चौकशी तेथला ग्रंथपाल करीत नाही, आणि करू म्हणेल तर ती कोणत्या निकषावर करावी हे त्यालाही सांगता यावयाचे नाही. लेखकाच्या लायकीविषयी मात्र आपल्याकडे केवढा ऊहापोह! पारितोषिकांच्या समित्या, संमेलनाध्यक्षाच्या निवडीवरून उठणारी वादळे, नियतकालिकांतील परीक्षणे आणि त्या परीक्षणांवरील खुलासे, हा सारा खटाटोप लिहिणाऱ्याची योग्यता ठरविण्यासाठी चाललेला असतो. वाचणाऱ्याला जणू अक्षरओळखीबरोबरच वाचनाची सनद मिळून गेलेली असते. गाणे ऐकणाऱ्याने कान तयार केला पाहिजे हे आपण निमूटपणे कबूल करतो, आणि मैफलीत भलत्या जागी दाद देणाऱ्याकडे शेजारची मंडळी वळून पाहतात. परंतु कादंबरी वाचणाऱ्यानेही काही तयारी केली पाहिजे असे कोणी म्हटले, तर ते पंडिती अहंकाराचे लक्षण समजले जाते.

जुन्यांचा समज असा नव्हता. सुमारे हजार वर्षांपूर्वी कनोजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास असलेल्या राजशेखराने (त्याचा पूर्वज अकालजलद याला त्याने महाराष्ट्राचा चूडामणी म्हटले आहे, तेव्हा आपलाही त्याच्यावर थोडा हक्क पोहोचतो) आपल्या ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे दोन भाग पाडले. काव्य घडविते ती कारयित्री आणि काव्य अनुभवते ती भावयित्री. यांतील महत्त्वाची गोष्ट अशी, की वाचकाच्या वाट्याला त्याने केवळ आवड, रुची किंवा व्यासंग दिलेला नाही, तर साक्षात प्रतिभा दिली आहे. कवीची मेहनत फळाला येते ती या दुसऱ्या प्रतिभेमुळे, अन्यथा काव्याचे झाड वांझच राहावयाचे, असे त्याचे म्हणणे. या दोन शक्ती एकाच माणसाच्या ठिकाणी असतात की निरनिराळ्या, यावरही त्याने जुन्या आचार्यांची मते मांडली असून, एका दगडातून सोने निघते आणि त्याची कसोटी दुसऱ्याच दगडावर लागते, हा दाखला तेथे आला आहे. चांगले लिहिणारा चांगला वाचक असतोच असे नाही, हे ज्याने समकालीन लेखकांनी एकमेकांच्या पुस्तकांवर दिलेले अभिप्राय वाचले आहेत त्याला वेगळे सांगावयास नको.

पुढे राजशेखर भावकांचे चार प्रकार सांगतो आणि त्या प्रकारांत आपल्या ओळखीची सारी मंडळी हजर असतात. पहिला अरोचकी, त्याला काहीच रुचत नाही. त्याच्याविषयी राजशेखराने केलेला भेद मोठा मार्मिक आहे. ही अरुची उपजत असेल तर कथलाचा काळेपणा जसा शंभर वेळा घासूनही जात नाही तशी तीही जावयाची नाही. परंतु ती ज्ञानातून आलेली असेल, म्हणजे पुष्कळ उत्तम वाचून झाल्यामुळे सामान्य गोष्टीवर मन बसत नसेल, तर खरोखर असामान्य कृती समोर येताच ती आपोआप गळून पडते. दोन्ही माणसे बाहेरून सारखीच दिसतात, दोघेही नाक मुरडतात, आणि फरक कळावयाचा तो एखादे थोर पुस्तक हाती पडल्यावरच. दुसऱ्याला राजशेखर तृणासकट सर्व गिळणारा म्हणतो. धान्याबरोबर गवतही त्याच्या पोटात जाते. हा मात्र त्याच्या रागाचा विषय नाही, कारण नव्याने वाचू लागलेला प्रत्येक जण काही काळ असाच असतो, कुतूहलाने जे मिळेल ते वाचत सुटतो, आणि ज्याच्या आयुष्यात हा काळ कधी आलाच नाही त्याच्या पुढच्या चोखंदळपणावर माझा तरी विश्वास बसत नाही. तिसरा मत्सरी, त्याला गुण दिसतात, पण दिसलेले तो बोलत नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी: शब्दांची गुंफण कशी झाली आहे हे पाहणारा, उक्तीच्या चमत्काराने हर्षणारा, आणि लेखकाला खरोखर काय म्हणावयाचे आहे त्याचा माग काढणारा. असा हजारांत एखादा मिळाला तर मिळाला, असे राजशेखराने लिहून ठेवले आहे.

आता या चौथ्याला पहिल्या तिघांपासून वेगळे करते ते काय? विद्वत्ता म्हणावी तर मत्सरी आणि अरोचकी हे बहुधा विद्वानच असतात. माझे उत्तर असे आहे, की पुस्तकाविषयीचा निकाल तहकूब ठेवण्याचे सामर्थ्य हा चांगल्या वाचकाचा मूळ गुण होय आणि बाकीचे गुण त्याच्या पोटात येतात. अरोचक्याचा निकाल पुस्तक उघडण्यापूर्वीच लिहून झालेला असतो. गवत खाणाऱ्याला निकाल द्यावयाचा असतो याचीच दाद नसते. मत्सरी माणूस निकाल जाणतो पण दफ्तरात दडपून ठेवतो. तत्त्वाभिनिवेशी तेवढा सर्व साक्षी-पुरावा येईपर्यंत थांबतो. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात, शेवटच्या समासात, पढतमूर्खाची लक्षणे सांगताना संपूर्ण ग्रंथ न पाहताच त्याला नावे ठेवणाऱ्याला आणि कोणी गुण दाखवू लागला असता अवगुण हुडकणाऱ्याला नेमके याच पंक्तीत बसविले आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की समर्थांनी त्याला साध्या मूर्खांच्या यादीत घातलेले नाही. साध्या मूर्खाला वाचता येत नाही, याला येते.

वाचनालयातील जुन्या पुस्तकांचे समास न्याहाळले तर या उतावळ्या निकालांचे एक दफ्तरच हाती लागते. एखाद्या कादंबरीच्या सातव्या पानावर कोणी शिसपेन्सिलीने ‘भंकस’ असे लिहिलेले असते. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात ‘तुम्ही लिहून दाखवा’ असे प्रत्युत्तर. पुढे विसाव्या पानापर्यंत दोघांचा कलह. आणि त्यानंतर सबंध पुस्तकभर समास कोरेकरकरीत. दोघांपैकी कोणीही पुढे गेलेला नाही हे उघड आहे. याउलट क्वचित एखाद्या पुस्तकात पान एकशे चाळीसवर बारीक अक्षरात ‘पाहा पृ. १२’ एवढीच नोंद आढळते आणि आपण कुतूहलाने बारावे पान उघडतो तो तेथे एका किरकोळ वाक्यात, त्या वेळी आपल्या नजरेतून निसटलेला, पुढच्या साऱ्या अनर्थाचा धागा सापडतो. ही नोंद करणारा अनामिक गृहस्थ अथवा बाई माझ्या मते राजशेखराच्या चौथ्या वर्गात बसावयास हरकत नाही. (सार्वजनिक पुस्तकावर लिहू नये, हा नियम मला मान्य आहे, अपवाद म्हणून ही एक नोंद ग्रंथपालाने माफ करावी.)

निकालाची भाषा मी केवळ अलंकार म्हणून वापरीत नाही, कारण वाचनाचा प्रश्न मराठीत प्रत्यक्ष न्यायालयातही गेलेला आहे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली निघाला आणि त्यातील काही रचनांवर अश्लीलतेचा आरोप ठेवून सरकारने खटला भरला. तो खटला रेंगाळत चालला व अखेर कवी निर्दोष सुटला. परंतु न्यायालयाबाहेरच्या वाचकांनी त्यांच्यावर चालविलेला दुसरा खटला त्याहून लांबला. उंदरांची ती प्रसिद्ध कविता वाचून अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी, ही कविताच नव्हे, असा हुकूम फर्मावला. कवितेत चंद्र, फुले, प्रेयसी यांना वहिवाटीने जागा असते आणि ओल्या पिपातल्या मेलेल्या प्राण्यांना नसते, एवढाच त्या हुकुमाचा आधार होता. महायुद्ध नुकतेच संपले होते, शहरातला माणूस यंत्राच्या दात्यांत सापडला होता, आणि त्या प्रतिमेतली किळस ही त्या जगण्याची किळस होती, हे समजून घेण्यास आणखी दोन-तीन वाचने पुरली असती. ती देण्याइतकी सवड किंवा तयारी त्या वाचकांपाशी नव्हती.

दुसरे प्रकरण कथेचे आहे. चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात छापली गेली. तिच्यावर अश्लीलतेची फिर्याद झाली आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९६९ साली त्या न्यायालयाने कथा अश्लील नाही असा निर्णय दिला, आणि तो देताना आक्षेपित उतारे वेगळे काढून तपासावेत, तसेच ते सबंध कथेत ठेवूनही पाहावेत, ही पद्धत पत्करली. वाङ्मयाच्या वर्गात जे शिकवावे लागते ते येथे कायद्याने शिकविले. उताऱ्यावर बोट ठेवणारा फिर्यादी आणि सबंध कृती वाचणारा न्यायाधीश, या दोन भूमिका प्रत्येक वाचकाच्या मनात एकाच वेळी हजर असतात, आणि फिर्यादी नेहमी मोठ्याने बोलतो.

परंतु लक्ष देऊन वाचणे म्हणजेच चांगले वाचणे, अशी समजूत होऊ लागली असेल तर ‘कीचकवधा’ची हकीकत आठवावी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली, सर्वांच्या तोंडची. सैरंध्री, कीचक, सहनशील युधिष्ठिर आणि न सोसणारा भीम. पण थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाला कीचकाच्या उद्दाम बोलण्यात नुकताच हिंदुस्थान सोडून गेलेला लॉर्ड कर्झन ऐकू येई, युधिष्ठिराच्या संयमात मवाळांचे अर्जविनंत्यांचे राजकारण दिसे आणि भीमाच्या बाहूंत जहालांचे. नाटकात यातले एक अक्षरही नव्हते. व्यंग्यार्थ ओळखणारा हा प्रेक्षक उत्तम वाचक होता यात वाद नाही. मात्र त्याच वेळी आणखी एक वाचक तितक्याच बारकाईने ते नाटक वाचीत होता. तो म्हणजे मुंबई सरकार. देशी भाषांतील मजकुराचे इंग्रजी सार काढून वरिष्ठांकडे पाठविण्यासाठी त्या सरकारच्या पदरी भाषांतराचे स्वतंत्र दफ्तर होते आणि देशी वृत्तपत्रांचा गोषवारा दर आठवड्याला सादर होत असे. अशा नजरेला कीचक कोण आहे हे ओळखावयास वेळ लागला नाही, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. म्हणजे प्रेक्षक आणि अंमलदार यांचा अर्थनिर्णय तंतोतंत जुळला! तरीही आपण त्या अंमलदाराला रसिक म्हणत नाही. त्याने नाटकाचा अर्थ शोधला तो नाटकासाठी नव्हे. अर्थ हाती येताच त्याचे काम संपले आणि उरलेले नाटक, म्हणजे द्रौपदीचे एकाकीपण, सुदेष्णेची कुचंबणा, भीमाचा दाबून ठेवलेला संताप, हे सर्व त्याच्या लेखी रद्दी ठरले. निकाल लागल्यावर पुरावा फेकून देणाऱ्या वाचकांची जात आजही नामशेष झालेली नाही. परीक्षेसाठी वाचणारा विद्यार्थी, पक्षाच्या धोरणासाठी वाचणारा कार्यकर्ता आणि प्रबंधासाठी वाचणारा पंडित हे तिघेही आपापल्या परीने त्या दफ्तरातलेच कारकून असतात.

मग अंमलदाराजवळ नव्हते ते काय? याचे उत्तर काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इसवी सन १०००च्या आगेमागे देऊन ठेवले आहे. ‘ध्वन्यालोका’वरील टीकेत तो सहृदयाचे लक्षण सांगतो ते असे: काव्याच्या सततच्या परिशीलनाने ज्यांचे मन स्वच्छ झाले आहे आणि त्यामुळे वर्ण्य विषयाशी तन्मय होण्याची पात्रता ज्यांना आली आहे, ते सहृदय. यात तन्मयता शेवटी आली आहे आणि अभ्यास आधी, हा क्रम विसरता कामा नये. आपल्याकडे सहृदय म्हटले की हळवा, चटकन डोळे भरून येणारा माणूस समोर उभा राहतो. अभिनवगुप्ताच्या मनात तसा कोणी नव्हता. किंबहुना नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने मोजली आहेत, त्यांत प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने व्यापलेला असणे हे एक विघ्न आहे, आणि समोरचे दुःख केवळ माझे किंवा केवळ त्या अमक्याचे असे धरून बसणे हे दुसरे. घरात नुकताच मृत्यू घडलेला माणूस रंगमंचावरील शोकाने रडेल, पण तो आपल्या माणसासाठी रडत असेल. करुणरसाशी त्याचा संबंध नाही.

आजच्या वाचकवर्गाला हे विघ्न विशेष जवळचे आहे असे मला वाटते. पुस्तक का आवडले असे विचारले असता दहांतील बहुतेक जण, ती कहाणी अगदी आपल्याच आयुष्यातली वाटली, असे सांगतात, आणि न आवडण्याचे कारणही हेच, की त्यातली माणसे आपल्यासारखी नव्हती. म्हणजे पुस्तकात शिरताना ते आपले घर, आपला जिल्हा, आपली जात आणि आपली दुखणी बरोबर घेऊन जातात व तीच तेथे पुन्हा भेटली तर समाधान पावतात. आपल्यासारखा माणूस पुस्तकात भेटला तर आनंद होणे स्वाभाविक आहे आणि ज्यांचे जगणे शतकानुशतके मराठी ग्रंथांत आलेच नव्हते त्यांना तो आनंद अधिक व्हावा हेही न्याय्य आहे. परंतु हे वाचनाचे प्रवेशद्वार झाले. आपल्यासारखा मुळीच नसलेला, कदाचित तिरस्करणीय असा माणूस पानोपानी सहन करून, तो तसा का झाला हे त्याच्याच बाजूने पाहता येणे, येथे सहृदयतेची खरी परीक्षा सुरू होते.

तन्मयतेलाही एक मर्यादा आहे. सर्व्हांटिसने १६१५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीच्या दुसऱ्या भागात डॉन किहोते कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहावयास बसतो. बाहुल्यांतील नायक-नायिका पळून जात असता मागून शत्रूचे घोडेस्वार येताहेत असे पाहताच हा उठतो, तलवार उपसतो आणि त्या लाकडी सैन्याची कत्तल करून टाकतो. मागाहून नुकसानीचा हिशेब होऊन बाहुल्यांची भरपाई त्याला द्यावी लागते. या गृहस्थाजवळ कल्पना होती, निष्ठा होती, वाचन तर इतके होते की त्या पुस्तकांपायी त्याने जमीन विकली होती. नव्हते ते एवढेच, की समोर चालले आहे ते कोणी तरी रचलेले आहे याचे भान. खलनायकाचे काम करणाऱ्या नटाला रस्त्यात गाठून शिव्या घालणारे प्रेक्षक त्याचेच वारस.

रचलेपणाचे भान येते ते तपशिलातून. व्लादिमिर नाबोकोव्ह हा रशियन-अमेरिकन कादंबरीकार १९४८पासून सुमारे दहा वर्षे कॉर्नेल विद्यापीठात युरोपीय कथावाङ्मय शिकवीत असे आणि त्याचा आग्रह असे, की ‘ॲना करेनिना’ वाचणाऱ्याला ॲना ज्या रेल्वेच्या डब्यातून रात्रीचा प्रवास करते त्या डब्याची मांडणी ठाऊक पाहिजे, आणि काफ्काची कथा वाचणाऱ्याला ग्रेगोर साम्साच्या घराच्या खोल्या व दारे काढून दाखविता आली पाहिजेत. साम्साचा जो किडा होतो तो झुरळ नसून कठीण पाठीचा भुंगा आहे, हेही त्याने कीटकशास्त्राच्या अधिकाराने ठासून सांगितले आहे. फुलपाखरांचा तो खरोखरच जाणकार होता. हा आग्रह प्रथम विक्षिप्त वाटतो. परंतु दारे कोठे आहेत हे कळल्याविना त्या कथेतील बापाचे, बहिणीचे आणि मोलकरणीचे येणेजाणे नुसते शब्द राहते. दारे कळली की त्या घरात एक माणूस तीन बाजूंनी कसा कोंडला गेला आहे ते दिसू लागते. मोठमोठ्या कल्पनांवर बोलावयास तपशिलाची गरज नसते, म्हणून आळशी वाचक नेहमी कल्पनांवर बोलतो.

आपल्याकडील उदाहरण घ्यावयाचे तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्यावी. १९५५ साली आलेले हे लहानसे पुस्तक. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा पोरगा मास्तर म्हणून जातो, हळूहळू त्या वस्तीचा होतो, तालीम बांधली जाते, ती पाहावयास खुद्द संस्थानचे राजेसाहेब येतात, आणि मग पाऊस दगा देतो व वाडी उठते. यावर ‘दुष्काळाची कादंबरी’ अशी चिठ्ठी लावून मोकळे होणारे वाचक पुष्कळ आहेत. आता पान उलटून पाहिले तर दुष्काळ येतो तो पुस्तकाच्या अखेरच्या भागात. त्यापूर्वीचा सारा मजकूर एकेका माणसाचा आहे: आधी संशयाने पाहणारा आणि मागाहून पाठीशी उभा राहणारा कारभारी, मेंढरांमागे जाणारी मुले, बायामाणसांच्या तक्रारी, मास्तरकडे येणारी वाडीची नाना कामे. ही माणसे इतक्या सावकाश का आणली, असा प्रश्न ज्या वाचकाला पडतो त्याला उत्तरही मिळते. नावानिशी ओळख झाल्याखेरीज वाडी ओस पडली हे वाक्य आपल्याला लागले नसते. जनावरे मेली, लोक गेले, हा सरकारी अहवालातला मजकूर झाला असता. आणखी एक गोष्ट अशी, की निवेदन करणारा मास्तर स्वतःच्या भावनांविषयी फार थोडे बोलतो. छोटी छोटी वाक्ये, विशेषणे मोजकी, कळवळ्याचा सूर नाही. प्रथम वाचताना हा कोरडेपणा वाटण्याचा संभव आहे. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात येते, की मास्तर बोलत नाही म्हणून ते बोलणे आपल्यावर येऊन पडले आहे, आणि आपण नकळत ते काम करीतही आहोत. भावयित्री प्रतिभा म्हणून राजशेखराने जी सांगितली ती प्रत्यक्षात अशी कामाला लागते.

मराठीत असे वाचन व्यवसाय म्हणून करणारी काही थोडी माणसे होऊन गेली, ती संपादक होती. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे आलेल्या कथेवर लेखकाशी एकेका जागेविषयी पत्रव्यवहार करीत. हे वाक्य या पात्राच्या तोंडी शोभते का, शेवट एक परिच्छेद आधी व्हावयास नको का, अशा शंका काढीत. काही लेखक त्यामुळे चिडले, काही घडले. ‘साभार परत’च्या चिठ्ठीविषयी मराठीत विनोद पुष्कळ झाले आहेत, पण आपले लेखन कोणी तरी इतके लक्षपूर्वक वाचले, हा मान त्या चिठ्ठीबरोबर फुकट मिळत असे आणि तो आजच्या लेखकाला सहसा मिळत नाही.

पुनर्वाचनाची गोष्ट निघाली म्हणजे आपल्याकडे कोणी तरी पारायणाचा दाखला देतो. सात दिवसांत ज्ञानेश्वरी, सप्ताहात गुरुचरित्र, चातुर्मासात श्रीधराचा ‘हरिविजय’ किंवा ‘पांडवप्रताप’. एकच ग्रंथ आयुष्यात वीस-पंचवीस वेळा वाचणारी माणसे या समाजात होती आणि आहेत. या परंपरेने मराठी माणसाचा कान घडविला, यात शंका नाही. पण पारायणाची नजर समाप्तीवर असते, आणि दिवसाच्या ठरलेल्या ओव्या संपल्याच पाहिजेत म्हटल्यावर जेथे थांबावयास हवे तेथे थांबता येत नाही. त्यापेक्षा देवळातल्या पोथीची जुनी रीत वाचनाच्या दृष्टीने अधिक मोलाची होती. एक जण ओवी वाची, दुसरा अर्थ सांगे, आणि मध्येच खांबाला टेकून बसलेला एखादा म्हातारा, ‘पण बुवा, मघाशी तर कर्णाला असे म्हणाला होतात,’ असे विचारून गाडी अडवी. अर्थ सांगणाऱ्याला मग मागची पाने चाळावी लागत. त्या म्हाताऱ्याला कदाचित सही करता येत नसेल. मागचा संदर्भ धरून पुढचे ऐकण्याचा गुण मात्र त्याच्या ठिकाणी पुरेपूर होता.

श्रोत्याकडून काय हवे हे ज्ञानेश्वरांइतके नेमके मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. पहिल्याच अध्यायात ते या कथेच्या श्रोत्याला चकोराच्या पिलांचे हळुवार मन आणि कमळाच्या पाकळीला पत्ता लागू न देता पराग नेणाऱ्या भुंग्याची रीत घालून देतात. नवव्या अध्यायाच्या आरंभी त्यांचे मागणे आणखी कमी होते आणि ते फक्त अवधान मागतात. मत मागत नाहीत, श्रद्धाही नाही. लक्ष द्या, पुढची हमी माझी, असा तो करार आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली नेवाशास हा ग्रंथ सांगून झाला आणि त्यानंतर तीनशे वर्षांच्या आत त्याला एक असा वाचक भेटला की ज्याने या कराराची आपली बाजू पुरी केली.

तो वाचक म्हणजे पैठणचे एकनाथ. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातांनी उतरवल्या जात होत्या. उतरवणाऱ्यांच्या चुका, कोणाच्या समजुतीने झालेले शब्दांचे फेरफार, कोणी भक्तीच्या भरात घातलेल्या जादा ओव्या यांनी संहिता गढूळ झाली होती. एकनाथांनी पाठभेद तपासून, रुजुवात घालून, प्रत शुद्ध केली आणि शके १५०६च्या भाद्रपदात, कपिलाषष्ठीच्या पर्वणीला, गोदातीरी ते काम पुरे केले. ते वर्ष १५८४ होते. शेवटी त्यांनी एक ताकीदही दिली आहे, की यापुढे यात स्वतःची ओवी घालणारा अमृताने भरलेल्या ताटात करवंटी ठेवील. ध्यानात घ्यावे, की ही ताकीद देणारा माणूस स्वतः प्रथम श्रेणीचा कवी होता. एकनाथी भागवत त्यांच्या हातून होऊन गेले होते आणि एखाद-दुसरी सुरेख ओवी मध्ये बेमालूम बसविणे त्यांना सहज शक्य होते. कारयित्री प्रतिभा बाजूला ठेवून त्यांनी काही काळ केवळ भावयित्री चालविली. दुसऱ्याच्या ग्रंथात आपण दिसू नये याची एवढी काळजी मराठीत क्वचितच कोणी घेतली असेल.

आणि तरीही त्यांचे वाचन अखेरचे ठरले नाही, हे वाचनाच्या धर्माला धरूनच झाले. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एक जुनी पोथी मिळवून तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली. ही पोथी एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे मत होते, आणि तिच्यातील प्रत्ययांची व रूपांची छाननी करून त्यांनी ज्ञानेश्वरांच्या मराठीचे व्याकरणच रचले. पोथीच्या वयाविषयी पुढे विद्वानांत वाद झाले आणि राजवाड्यांचा स्वभाव पाहता ते न होते तरच नवल. सामान्य वाचकाला त्या वादात पडण्याचे कारण नाही. पण ज्याला सवड असेल त्याने एकनाथी परंपरेची एखादी घरगुती प्रत आणि वाचनालयातून मिळाल्यास राजवाड्यांची प्रत समोरासमोर ठेवून एकच अध्याय सावकाश वाचावा, फरक दिसेल तेथे कोणता पाठ ज्ञानेश्वरांचा असावा हे एकदम ठरवू नये, आणि दोन्ही पाठ काही दिवस मनात तसेच राहू द्यावेत. आरंभाला नववा अध्याय घ्यावयास हरकत नाही.